विषयाकडून प्रश्नाकडे : प्रतिसरकारच्या उदाहरणावरून संशोधनाच्या आखणीचा विचार

पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण होऊन संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याजवळ बहुधा विषय असतो; प्रश्न नसतो. या दोहोंतील अंतर ध्यानात न आल्यामुळे कित्येक प्रबंध दोन-तीन वर्षांच्या परिश्रमानंतरही माहितीचे संकलन एवढ्याच स्वरूपात राहतात. संशोधनाची आखणी म्हणजे मुख्यत: हे अंतर ओलांडण्याची रीत होय. तिचे नियम नुसत्या सामान्य शब्दांत सांगितले, तर ते सर्वांना मान्य होतात आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात एकच उदाहरण घेऊन त्या रीतीचा विचार केला आहे. ते उदाहरण जुन्या सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारचे होय.

या घटनेची रूपरेषा सर्वांच्या परिचयाची आहे. ऑगस्ट १९४२ मधील मुंबईच्या ठरावानंतर सातारा जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबर रोजी वडूज येथे आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूर येथे गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली. पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली गावोगाव तंट्यांचा निवाडा, गुंडांचा बंदोबस्त, दारूबंदी, अल्प खर्चाचे 'गांधी विवाह' अशी कामे करणारी एक यंत्रणा उभी राहिली. कुंडलची तुफान सेना हे तिचे लढाऊ दल होते. १९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि भूमिगत कार्यकर्ते उघडपणे वावरू लागले. एवढी माहिती कोणत्याही ग्रंथालयात एका दिवसात मिळते. संशोधनाचा आरंभ तिच्यानंतर होतो.

विषय आणि प्रश्न

'प्रतिसरकारचा इतिहास' हा विषय झाला. 'प्रतिसरकार थोर होते काय?' हे वाक्य प्रश्नार्थक असले, तरी तो संशोधनाचा प्रश्न नव्हे. कारण त्याचे उत्तर पुराव्यावर अवलंबून नसून उत्तर देणाऱ्याच्या भावनेवर अवलंबून आहे. ज्याची एकाहून अधिक उत्तरे संभवतात आणि त्यांपैकी कोणते ग्राह्य हे पुराव्याने ठरविता येते, तोच संशोधनाचा प्रश्न. या कसोटीस उतरणारा एक प्रश्न असा : प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांची कल्पना व कार्यपद्धती कोठून आली? काँग्रेसच्या विधायक कार्यातून, गावगाड्यातील जुन्या पंचायतीतून, सत्यशोधक चळवळीच्या शिकवणीतून, की आणखी कोठून?

असा प्रश्न सुचण्यासाठी पूर्वी झालेले लेखन वाचावे लागते. गेल ऑम्वेट यांचा सातारच्या प्रतिसरकारवरील लेख १९८८ साली, १९४२ च्या चळवळीविषयीच्या एका संपादित ग्रंथात प्रसिद्ध झाला, ए. बी. शिंदे यांचा स्वतंत्र ग्रंथ १९९० मध्ये निघाला. ऑम्वेट यांनी ब्राह्मणेतर व सत्यशोधक चळवळींनी घडविलेल्या शेतकरी समाजाशी प्रतिसरकारचे नाते जोडून दाखविले. पूर्वसूरींचे लेखन वाचण्याचा हेतू प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात त्यांची जंत्री देता यावी, हा नसतो. कोणता प्रश्न सुटला आहे, कोणता अर्धवट सुटला आहे आणि कोणता कोणी विचारलेलाच नाही, हे समजून घेणे हा तो हेतू होय. वाचताना प्रत्येक ग्रंथाविषयी तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : लेखकाचा प्रश्न काय, त्याने कोणती साधने पाहिली, आणि कोणती पाहिली नाहीत. यांतील तिसरी नोंद नव्या अभ्यासकाला सर्वांत उपकारक ठरते.

शीर्षकातील शब्दांची निश्चिती

प्रश्न ठरल्यावर त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ निश्चित करावा लागतो. हे काम कोरडे वाटते. परंतु कोणते दप्तर उघडावयाचे हे त्यावरच ठरते.

'सातारा' हाच शब्द घ्यावा. १९४२ च्या सातारा जिल्ह्यात वाळवा, शिराळा, तासगाव व खानापूर हे तालुके होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर ऑगस्ट १९४९ मध्ये जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. हे चारही तालुके दक्षिण साताऱ्यात गेले, आणि महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर लवकरच त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा आजच्या नकाशावरील सातारा जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून जो साधने गोळा करील, त्याच्या हातून चळवळीचा मोठा भाग निसटून जाईल. उलट, आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून १९४२ चा सातारा जिल्हा होतो, असेही मानता येत नाही. कारण आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग त्या काळी ब्रिटिश मुलुखात नव्हताच. सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती. तुफान सेनेचे केंद्र असलेले कुंडल हे गाव तर औंध संस्थानात होते.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निष्पन्न होते. ७ जून १९४३ रोजी शेणोली येथे पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडविण्यात आली. ते ठिकाण ब्रिटिश सातारा जिल्ह्यात होते. त्याच वर्षी २४ जुलै रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगातून निसटले. तो तुरुंग सांगली संस्थानचा होता. एप्रिल १९४४ मध्ये चिमठाणे येथे सरकारी खजिना ताब्यात घेण्यात आला. ते ठिकाण पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यात होते. माणसे तीच, चळवळ तीच. परंतु त्यांची नोंद तीन वेगवेगळ्या राजवटींच्या अथवा जिल्ह्यांच्या कागदांत झालेली असणार. ज्याने स्थलमर्यादा आधी विचारपूर्वक ठरविली नाही, त्याला ही विभागणी काम संपत आल्यावर कळते, आणि तेव्हा वेळ उरलेला नसतो.

जे स्थळाचे, तेच संख्येचे. प्रतिसरकारचा अंमल किती गावांवर होता? काही लेखनात सुमारे दीडशे गावे सांगितली आहेत, तर काही ठिकाणी हा आकडा सहाशेच्या घरात जातो. या दोहोंपैकी खरे कोणते, असे लगेच विचारणे ही चूक ठरेल. आधी विचारावयाचे ते हे की, 'अंमलाखालचे गाव' कशाला म्हणावयाचे? ज्या गावात न्यायदान मंडळ नियमितपणे बसत होते ते? ज्या गावात तुफान सेनेची शाखा होती ते? की जेथे भूमिगत कार्यकर्त्याला एक रात्र आसरा मिळत होता तेही? व्याख्या बदलली की आकडा बदलतो. दोन आकड्यांतील विरोध पुष्कळदा दोन व्याख्यांमधील विरोध असतो. अभ्यासकाने स्वत:ची व्याख्या आरंभीच लिहून ठेवावी आणि प्रत्येक गाव तिला लावून पाहावे; मग येणारी संख्या लहान असली, तरी ती तपासता येण्याजोगी असते.

नावाचीही हीच कथा आहे. लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' हे नाव रूढ झाले. 'प्रति'चे बोलीत 'पत्री' झाले असे कोणी म्हणतात. गुन्हेगाराच्या तळपायांवर फटके मारण्याच्या शिक्षेला 'पत्र्या मारणे' म्हणत, त्यावरून ते नाव पडले असे इतर सांगतात. दोन्ही स्पष्टीकरणे ऐकण्यास पटणारी आहेत. म्हणूनच केवळ पटण्यावर निर्णय सोपविता येत नाही. दोन्ही शब्दांचे कालनिश्चिती होऊ शकेल असे लेखी उल्लेख शोधावेत, ते क्रमाने मांडावेत, आणि कोणता शब्द कोणाच्या लेखणीतून प्रथम उतरला हे पाहावे, एवढाच खात्रीचा मार्ग आहे.

अनुमान आणि त्याची परीक्षा

प्रश्न स्पष्ट झाल्यावर त्याचे एक तात्पुरते उत्तर मनाशी धरावे लागते. त्यास गृहीतक म्हणतात. कुंडल औंध संस्थानात होते ही वर उल्लेखिलेली गोष्ट अशा गृहीतकाकडे नेऊ शकते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने व मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती, आणि त्या घटनेने गावपंचायतींकडे न्यायदानाचेही काम सोपविले होते. तेव्हा असे म्हणून पाहता येईल की, गावातल्या गावात पंचांनी न्याय द्यावा या रीतीचा जो अनुभव औंधच्या प्रजेला १९४२ पूर्वीच आला होता, तो प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांना उपयोगी पडला.

हे अनुमान आकर्षक आहे. आणि आकर्षक अनुमानाविषयी अभ्यासकाने अधिक सावध असले पाहिजे. त्याला पुष्टी देणारी गावे शोधणे सोपे असते. परीक्षा होते ती प्रतिकूल उदाहरणांनी. औंध संस्थानचा मुलुख एकसंध नव्हता. त्याचे कुंडल व आटपाडी यांसारखे भाग ब्रिटिश मुलुखाच्या व इतर संस्थानांच्या मध्ये विखुरलेले होते. त्यामुळे जवळजवळची दोन गावे, एक औंधचे व दुसरे ब्रिटिश अंमलाखालचे, यांची तुलना करण्याची सोय आपोआप झाली आहे. ब्रिटिश मुलुखातील वाळवा तालुक्यात मंडळे तितकीच जोमाने चालली असतील, तर औंधच्या अनुभवाचा प्रभाव मर्यादित मानावा लागेल. औंधच्या काही भागांत पंचायती असूनही मंडळे नसतील, तरीही तसेच. दोन्हीकडे मंडळे असून त्यांच्या कार्यपद्धतीत भेद दिसला, तर मूळ अनुमान सुधारून घ्यावे लागेल. कोणता पुरावा मिळाल्यास आपले म्हणणे सोडून द्यावे लागेल, हे ज्या आराखड्यात आधीच लिहिलेले असते, तो आराखडा चांगला.

साधनांचा शोध

साधने धुंडाळण्याची या प्रदेशाची परंपरा मोठी आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस राहून पटवर्धनी दप्तरांतील कागदांच्या आधारे 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे प्रकाशन १८९७ पासून केले. वि. का. राजवाडे यांनी वाई येथे मिळालेली पानिपतच्या काळातील पत्रे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडात १८९८ साली प्रसिद्ध केली. जुन्या मराठी पत्रांत चंद्र किंवा तिथी असे. वर्ष पुष्कळदा नसे. मजकुरातील माणसे, मुक्काम व प्रसंग यांचा मेळ घालून वर्ष ठरवावे लागे. भूमिगत चळवळीच्या पत्रकांची स्थितीही अशीच असते. छापखान्याचे नाव नाही, प्रसिद्धीचे स्थळ नाही, क्वचित तारीखही नाही. कालनिश्चितीची तीच जुनी रीत येथेही कामास येते.

प्रतिसरकारच्या अभ्यासासाठी साधनांचे चार वर्ग पडतात. पहिला, सरकारी कागद : मुंबईच्या पुराभिलेखागारातील गृहखात्याच्या विशेष शाखेच्या फायली, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील केंद्रीय गृहखात्याची कागदपत्रे, आणि खटल्यांची निकालपत्रे. दुसरा, संस्थानी कागद. या संस्थानांवरील देखरेख १९३३ नंतर कोल्हापूरच्या रेसिडेंटाकडे असल्याने, जिल्हाधिकाऱ्याच्या अहवालात जे सापडणार नाही ते रेसिडेंटाच्या पत्रव्यवहारात सापडण्याचा संभव असतो. तिसरा वर्ग चळवळीच्या स्वत:च्या कागदांचा : पत्रके, निरोपाच्या चिठ्ठ्या, गावात जपून ठेवलेले निवाडे. चौथा वर्ग आठवणींचा : छापील आत्मकथने व ध्वनिमुद्रित मुलाखती.

प्रत्येक वर्गाच्या शोधास लागणारा काळ वेगळा असतो, हे आखणी करताना ध्यानी घ्यावे. छापील ग्रंथ केव्हाही मिळतील. अभिलेखागारात परवानगी, सूची, मागणी व प्रतीक्षा यांत दिवस जातात. आठवणींचे साधन मात्र कोणासाठी थांबत नाही. जी. डी. बापू लाड २०११ मध्ये, नागनाथअण्णा नायकवडी २०१२ मध्ये, हौसाताई पाटील २०२१ मध्ये आणि कॅप्टन भाऊ या नावाने ओळखले जाणारे रामचंद्र लाड २०२२ मध्ये निवर्तले. प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांची पिढी सरली आहे. आज गावात जे ऐकावयास मिळते ते बहुतांशी मुलांनी व नातवंडांनी ऐकलेले असते. ते टाकाऊ नव्हे. परंतु ते १९४३ च्या घटनेचे साधन कमी आणि त्या घटनेच्या स्मरणाचे साधन अधिक होय. तसे स्पष्ट नोंदवूनच त्याचा उपयोग करावा. जे साधन आधी नष्ट होणार, ते आधी गाठावे, हा आखणीचा पहिला नियम.

साधनांची पारख

एकही साधन निरपेक्ष नसते. ते कोणी, कोणासाठी व केव्हा लिहिले हे पाहावे लागते. शेणोलीच्या प्रसंगाला पोलिसांच्या भाषेत दरोडा म्हणावयाचे. त्यात भाग घेतलेल्या सैनिकांनी 'लूट' या शब्दालाच पुढे हरकत घेतली. तो पैसा मूळचा जनतेचाच होता, अशी त्यांची भूमिका. अभ्यासकाने यांपैकी कोणाचाही शब्द नकळत उचलू नये. कोणता शब्द कोणाचा हे सांगावे, आणि स्वत:च्या वाक्यात 'गाडी अडवून रक्कम नेली' असा साधा शब्दप्रयोग करावा.

मौनाचीही पारख करावी लागते. पोलिसांचे कागद फरारी पुरुषांनी भरलेले असतात. स्त्रिया त्यांत क्वचित येतात. यावरून स्त्रियांचा सहभाग अल्प होता असा निष्कर्ष काढणे अयोग्य होईल. नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई यांच्या आठवणींतून स्त्रियांनी केलेली कामे पुढे आली. ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे म्हणण्यापूर्वी नोंद करणाऱ्याला ते दिसण्याची शक्यता होती काय, हे विचारावे.

येथेच एक नैतिक प्रश्नही उपस्थित होतो. प्रतिसरकारने खबरे म्हणून काहींना शिक्षा केल्या. त्यांपैकी काहींवरील आरोप खरे असतील, काहींवरील वैमनस्यातून आलेले असतील. त्यांची नातवंडे आज त्याच गावांत राहतात. एका बाजूच्या सांगण्यावरून एखाद्या सामान्य माणसाचे नाव प्रबंधात छापले, की तो कलंक ग्रंथालयात कायमचा राहतो. युक्तिवादास नावाची आवश्यकता नसेल, तर ते गाळावे. आणि गाळल्याचे तळटिपेत सांगावे. सत्यनिष्ठा आणि निष्ठुरता या दोन गोष्टी एक नव्हेत.

टिपणे आणि आराखडा

टिपण घेताना तीन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवाव्यात : साधनातील मूळ शब्द, त्यांचा सारांश, आणि अभ्यासकाचे स्वत:चे मत. मूळ शब्द अवतरणचिन्हांत घ्यावेत. फाइलीचा क्रमांक, पान व तारीख त्याच क्षणी लिहावी. अभिलेखागारात भ्रमणध्वनीवर शेकडो पानांची छायाचित्रे काढण्याची सोय आज झाली आहे. तथापि छायाचित्र म्हणजे टिपण नव्हे. ज्या पानाच्या छायाचित्राबरोबर फाइलीचा क्रमांक नाही, ते पान सहा महिन्यांनी निरुपयोगी होते. वाङ्मयचौर्याच्या पुष्कळ घटनांचे मूळ दुष्ट हेतूत नसून गलथान टिपणात असते. दुसऱ्याचे वाक्य आपल्याच वहीत आपलेच वाटू लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली यासंबंधी विनियम केले असून, दोष गंभीर ठरल्यास प्रबंधाची नोंदणी रद्द होण्यापर्यंत त्याचे परिणाम जातात.

आराखडा चार-पाच पानांचा पुरे. प्रश्न, पूर्वीच्या लेखनातील उणीव, व्याख्या व मर्यादा, गृहीतक, साधने, प्रकरणांची योजना आणि कालक्रम एवढे त्यात असावे. तो करार नव्हे. काम पुढे जाईल तसा तो बदलेल. मात्र प्रत्येक बदलाची तारीख व कारण लिहून ठेवावे. कारण प्रश्न का बदलला हेही संशोधनाचे फळच असते.

लेखन

प्रकरणे साधनांप्रमाणे पाडू नयेत, प्रश्नाप्रमाणे पाडावीत. 'सरकारी कागदांतील प्रतिसरकार', 'आठवणींतील प्रतिसरकार' अशी प्रकरणे केली, तर निष्कर्ष काढण्याचे काम वाचकावर पडते. त्याऐवजी मंडळांची रचना, पुढे येणारे तंटे, शिक्षेचे प्रकार, औंध व ब्रिटिश मुलुखांतील गावांची तुलना अशी प्रकरणे करून प्रत्येकात सर्व साधने परस्परांसमोर ठेवावीत.

विधानांच्या बळाप्रमाणे शब्द वापरावेत. दोन स्वतंत्र साधने जुळत असतील तेथे 'झाले' म्हणावे. एकाच साधनावर भिस्त असेल तेथे 'अमुकाच्या सांगण्याप्रमाणे'. अनुमान असेल तेथे 'असावे'. दोन आठवणी जुळतात म्हणून त्या स्वतंत्र ठरत नाहीत. दोघांनीही एकच छापील पुस्तक वाचलेले असू शकते. विशेषणे बेताने वापरावीत. वडूजच्या मोर्चातील माणसांचे धैर्य त्या दिवसाचा क्रम अचूक सांगितल्याने जितके प्रकट होईल, तितके 'अतुलनीय' या शब्दाने होणार नाही. प्रस्तावना शेवटी लिहावी; काय सिद्ध झाले हे तोवर निश्चित झालेले असते.

न्यायदान मंडळांपुढे आपले गाऱ्हाणे घेऊन आलेल्या शेतकऱ्यांनी कागद मागे ठेवले ते थोडे, आणि त्यांच्या वतीने बोलणारेही आता उरले नाहीत. त्यांच्याविषयी वाढवून लिहिणे आणि निष्काळजीपणे लिहिणे, दोन्ही त्यांच्यावर सारखेच अन्याय करणारे आहे. मंडळापुढे दोन्ही बाजू ऐकल्यावाचून निवाडा होऊ नये, ही अपेक्षा त्यांनी पंचांकडून केली होती. त्यांचा इतिहास लिहिणाऱ्याकडूनही ती तेवढीच आहे.